ही नळी माझी न्हय

ती घटना आठवली की राग आजही पहिल्या दिवसाइतकाच ताजा होतो. सेवेत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीची फिर्याद झालेली म्हैस आमच्याच ठाण्याच्या आवारात चरताना सापडली. त्या सगळ्यांवर आता मी हसत गप्पा मारू शकतो. ह्या प्रकरणात कोणाला साधा ओरखडाही आला नव्हता, तरी सांगायला बसलो की माझा आवाज चढतो आणि बायको खिडकी लावून घेते. कारण चोरी आमच्याच कुलपाआडून झाली होती, आणि ज्याची वस्तू गेली त्यालाच नोटीस निघाली होती.

साल दोन हजार नऊ. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मी घाटावरचा. मासे खायला शिकलो होतो, काटे काढायला अजून शिकत होतो. विधानसभेची निवडणूक लागली आणि नेहमीप्रमाणे आम्ही परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला सांगितलं. आमच्या हद्दीतले परवाने बहुतेक शेतीसंरक्षणाचे. माकडं आणि रानडुकरं हाकायला ठासणीची बंदूक, म्हणजे दारू आणि छरे नळीच्या पुढच्या तोंडातून लोखंडी गजाने ठासायचे ती. अशा बंदुकांचा मुद्देमाल कक्षात ढीग लागला. प्रत्येकीला एक चिठ्ठी आणि एक पोतं.

त्या ढिगात एक वस्तू वेगळी होती. एका ख्रिस्ती कुटुंबातल्या निवृत्त ड्रिल मास्तरांची निशाणेबाजीची रायफल. वय मास्तरांपेक्षा जास्त. त्यांच्या वडिलांनी हुबळीला रेल्वेत असताना स्पर्धेत जिंकलेली. एका वेळी एकच गोळी. घोड्याखालचा लिव्हर खाली ओढला की पोलादी ठोकळा खाली सरकतो, मागून एक काडतूस घालायचं, लिव्हर वर, झालं. नळी जाड आणि जड, म्हणजे हात हलू नये. मागे दुर्बीण नव्हे, नुसती एका बारीक छिद्राची चकती, आणि त्यातून पाहून मास्तर दर रविवारी चर्चमधून आल्यावर स्वतःच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत कागदावर पाच गोळ्या झाडायचे. पाचच. सहावी कधीही नाही.

आमच्या मुद्देमाल हवालदाराने पावती लिहिली, ‘जुनी एकनळी बंदूक, लाकडी दस्ता, एक नग.’ शर्यतीच्या घोड्याला ‘चार पायांचं जनावर’ म्हणावं तसं. मास्तरांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि घडी घातली. जाताना फक्त एवढं सांगितलं की पोत्यात ठेवू नका, पोतं खारी हवा धरून ठेवतं. नळीचं तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल दस्त्याच्या लाकडात उतरतं. आणि खोबरेल लावू नका, ते गोंदासारखं बसतं. शिलाई मशीनचं तेल पुरे. हवालदाराने मान डोलावली आणि मास्तर फाटकाबाहेर पडताच रायफल पोत्यात घातली, तोंड वर करून.

निकाल लागले, शस्त्रं परत द्यायला सुरुवात झाली. मास्तर आले. त्यांनी लिव्हर ओढला, ठोकळा खाली गेला. नळीच्या मागच्या टोकाशी त्यांनी अंगठ्याचं नख धरलं, म्हणजे नखावरचा उजेड आत पडतो, आणि पुढच्या तोंडाला डोळा लावला. मग रायफल टेबलावर ठेवली.

“ही नळी माझी न्हय,” ते म्हणाले.

हवालदार माझ्याकडे वळला. “साहेब, म्हाताऱ्याक धड दिसणा नाय. नंबर जुळता. सही करूक सांगा.”

नंबर जुळत होता. रायफलच्या मधल्या पोलादी भागावर, परवान्यावर आणि आमच्या नोंदवहीत तोच आकडा. मास्तरांनी पेचकस मागितला. पुढचं लाकूड सोडलं की नळीच्या पोटाला दुसरा नंबर आहे, तो बघा, असं त्यांचं म्हणणं. हवालदार म्हणाला, सरकारी ताब्यातली वस्तू खोलता येणार नाही. आणि मी, ठाण्याचा प्रभारी, ह्या मूर्खपणाला दुजोरा दिला. वर एक विनोदही केला की मास्तर, निवडणुकीत सगळेच बदलतात, बंदूक एकटी कशी राहील. सगळं ठाणं हसलं. मास्तर हसले नाहीत. ‘शस्त्र सुस्थितीत मिळाले’ ह्या वाक्याखाली त्यांनी सही केली नाही आणि एसटीने घरी गेले.

सही नाही म्हणून हवालदाराने वर पाठवायचा अहवाल लिहिला, आणि मी तो न वाचता पुढे ढकलला. काही आठवड्यांनी वरच्या कार्यालयातून मास्तरांना नोटीस गेली. परवानाधारक आपले शस्त्र ताब्यात घेण्यास टाळाटाळ करीत आहे, सबब परवाना रद्द का करू नये. ती नोटीस घेऊन मास्तर माझ्यासमोर उभे राहिले. उभेच, कारण त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. परवान्याची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. एकदा रद्द झाला तर बहात्तराव्या वर्षी नवा कोण देणार? रायफल आमच्या मुद्देमालात कायमची गंजत पडणार.

“साहेब, एक सांगा,” मास्तर शांतपणे म्हणाले. “मी हंय फिर्यादी म्हणान आयलंय की आरोपी म्हणान?”

मी नोटीस वाचली. मग तिच्या मागे जोडलेला आमचाच अहवाल वाचला. त्यावर माझी सही होती. मी मास्तरांना खुर्ची दिली, दोन पंच बोलावले आणि पेचकस मागवला. दोन पेच सुटले, पुढचं लाकूड हातात आलं. नळीच्या पोटाला नंबर होता, आणि तो वरच्या नंबराशी जुळत नव्हता.

मास्तरांनी मग मला नख धरून आत पाहायला शिकवलं. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे चर असतात. ह्या नळीत ते मागे ठीक होते, मध्ये काळे खड्डे, आणि पुढच्या तोंडाशी तर एका बाजूने घासून सपाट. मास्तर म्हणाले, ही रायफल मागून उघडते, मागूनच साफ करायची. मी आयुष्यात कधी पुढून गज घातलेला नाही. तोंडाची कड हीच निशाणेबाजाची खरी इस्टेट. तिथे एका बाजूला केसाएवढी झीज झाली की गोळी तिकडे ओढली जाते. ज्याने ही नळी वापरली, त्याने वर्षानुवर्षं पुढून लोखंडी गज घासलाय. अशी साफसफाई कोण करतं? ज्याच्या हाताला ठासणीच्या बंदुकीची सवय आहे तो.

मी ओरोसला जाऊन जिल्ह्याच्या परवान्यांची नोंदवही चाळली. अशा जुन्या रायफलींना कारखान्यातून दोन्ही भागांवर एकच नंबर येतो, तेव्हा परक्या नळीवरचा नंबर कोणाच्या तरी परवान्यावर असणारच. होता. शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत, किनाऱ्यावर बंगला बांधून राहिलेल्या, शहरातून आलेल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या. तशीच जुनी रायफल त्याच्याकडेही होती, आणि त्या ठाण्याने ती जमा करून घेतली नव्हती.

पण नळी काही स्वतःच्या पायांनी कुलपातून बाहेर गेली नव्हती. मुद्देमाल नोंदवही स्वच्छ होती, आत आलेलं सगळं आत. मी हवालदाराला समोर बसवलं. पुष्कळ वेळ तो नाही नाही करत राहिला. मग मी विचारलं की शस्त्रं ताब्यात असताना आलेल्या खंडेनवमीला आपल्या शस्त्रपूजेत ही रायफल इतकी चकचकीत कशी दिसत होती. तेव्हा त्याने सांगून टाकलं. पूजेच्या आदल्या दिवशी त्याने चार चांगल्या दिसणाऱ्या बंदुका बाजारातल्या दुरुस्ती कारागिराकडे पॉलिशला दिल्या होत्या. सकाळी दिल्या, संध्याकाळी आणल्या.

“आणि नोंद?”

“देवाच्या कामाची नोंद कसली करूची, साहेब?”

हे त्याने अगदी निरागसपणे विचारलं. त्याने कोणाकडून काही घेतलं नव्हतं. देवीपुढे मळकी शस्त्रं ठेवायची त्याला लाज वाटली, एवढंच. आणि त्या पूजेत नारळ कोणी फोडला? मी. त्या रायफलच्या परक्या नळीला हळदकुंकू कोणी लावलं? मीच. ठाण्यात त्याचा फोटोही काढला होता. मी त्यात फार भक्तिभावाने उभा आहे.

कारागीर आला तो हात जोडून. त्याला काही म्हायत नव्हतं, त्याने नुसतं पॉलिश केलं, साहेब लोकांच्या बंदुका तर तो हातातही धरत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, चहा घे. मग रायफल त्याच्यापुढे ठेवली, बाजूला गज आणि चिंध्या ठेवल्या, आणि कंटाळल्यासारखा चेहरा करून म्हटलं की तू आलाच आहेस तर एवढी साफ करून दे. माझ्या ह्या अभिनयाला बक्षीस मिळायला हवं होतं. त्याने रायफल उचलली, मांडीवर आडवी घेतली, चिंधी गजाला गुंडाळली आणि सरळ पुढच्या तोंडातून आत घातली. मागचा ठोकळा त्याने उघडलाही नाही. चार-पाच हात मारले आणि त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो.

“ही मागून उघडते,” मी म्हणालो. “पण तू बंगल्यावरची रायफल नेहमी अशीच साफ करतोस ना?”

गज तसाच नळीत राहिला. मग तो बोलू लागला. बंगल्यावरच्या साहेबांची नळी आपल्याच हातून खराब झाली हे त्याला ठाऊक होतं, साहेब रोज त्यावरून बोलत होता. मास्तरांची रायफल पॉलिशला येताच त्याने साहेबाला निरोप धाडला, आणि साहेबाने आपली रायफल लगेच पाठवून दिली. प्रवासात नेता यावी म्हणून ह्या रायफलींची नळी एका खिळीवर सुटते. पाच मिनिटांचं काम. मास्तरांची नळी बंगल्यावर, बंगल्याची मास्तरांकडे.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, पण निवेदन देऊन पंचांसमोर वस्तू दाखवली तर टिकते. म्हणून निवेदन पंचनामा करून आम्ही कारागिराला पुढे घातलं आणि बंगल्यावर गेलो. त्याने बोट दाखवलं ती रायफल काचेच्या कपाटात होती, खाली मखमल. लाकूड सोडलं, मास्तरांचा नंबर निघाला.

गृहस्थ जरासुद्धा गडबडला नाही. आमच्यासाठी सरबत मागवलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “हे बघा, ही वारशाची वस्तू आहे. त्या म्हाताऱ्याकडे ती गंजून गेली असती. मी ती वाचवली.”

ओळख पटवायला मास्तर सोबत होते. त्यांनी नख धरून नळीतून पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण पंचांपैकी एकाने टोपी काढली, का ते त्यालाही ठाऊक नसावं. मग मास्तर गृहस्थाकडे वळले.

“हेच्यात गंजाचो एक ठिपको दाखव. बापाशीन साफ केली, मगे मी केलंय. तुझी आसा ती तिकडे ठाण्यात. थंय बघ जा, वारसो कसो ठेवतत तो.”

सरबत तसंच राहिलं. कारागीर आणि गृहस्थ, दोघांवर गुन्हा दाखल झाला. हवालदाराची खातेनिहाय चौकशी झाली, मलाही लेखी ताकीद मिळाली, आणि ती कमीच होती असं माझं मत आहे. नोटीस मागे घ्यावी म्हणून मी वर सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘प्रकरण दप्तरी दाखल.’ दिलगिरीचा एक शब्द नाही. परवान्याचं मुदतीत नूतनीकरण झालं, तेवढ्यासाठी मी तीन वेळा स्वतः जाऊन टेबलाशी उभा राहिलो. न्यायालयाने रायफल सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागू तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मास्तरांना परत दिली.

त्यानंतर मी एक काम केलं, जे खरं तर आधी करायला हवं होतं. शस्त्रं जमा करण्याबाबतचा आदेश मी पहिल्यांदा पूर्ण वाचला. त्यात सगळ्यांची शस्त्रं गोळा करा असं कुठेही नव्हतं. ज्याच्यावर गुन्हे आहेत, ज्याच्याकडून गडबडीची शक्यता आहे, अशांची छाननी करा, असं होतं. छाननीला एक दिवस बसावं लागतं. आम्हाला तो दिवस काढायचा नव्हता, म्हणून आम्ही सरसकट सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि त्याला कायदा म्हटलं.

पुढच्या निवडणुकीला मी तो दिवस बसलो. यादी लहान झाली. मास्तरांचं नाव त्यात नव्हतं. तरी ते आले, सवयीने, रायफल कापडात गुंडाळून, एसटीने. मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं की तुमचं शस्त्र जमा करायची गरज नाही, नियमात तसं नाहीच. परत घेऊन जा.

त्यांनी कापडाची गाठ पुन्हा बांधली. उठताना विचारलं, “मगे मागच्या खेपेक कित्याक घेतलात?”

सेवेत हजारो प्रश्न मी लोकांना विचारले आणि उत्तर येईपर्यंत त्यांना बसवून ठेवलं. हा एक प्रश्न मला विचारला गेला, आणि मास्तर उत्तरासाठी थांबलेसुद्धा. मग एसटीची वेळ झाली म्हणून निघाले.