बसू नका, मास्तर

लढाईच्या दिवसांत मी सोनईला शाळामास्तर होतो. खुर्चीवर बसून बसून माझी कंबर धरली होती, आणि पारावरच्या एका म्हाताऱ्याने ते पहिल्याच दिवशी ओळखलं. तो सकाळी लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून मांडी घालायचा, ती ऊन उतरेपर्यंत मोडायचा नाही. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शेजारी टेकलो की तो लगेच म्हणायचा, "मास्तर, लई बसू नगा. पोट सुटतं, गुडघं धरत्यात. उठा, पाय मोकळं करा, अन् येताना तमाखू आना."

अशी त्याने साऱ्या गावाची तब्येत सांभाळली. कुणी पाणी आणून द्यायचं, कुणी चिलमीला विस्तव. बसून बसून बिचाऱ्याचे पाय धरले असतील, म्हणून आम्ही मुकाट्याने जायचो.

एका बाजारच्या दिवशी बैल उधळला आणि थेट पाराकडे आला. मी उठेस्तोवर म्हातारा धोतर खोचून चावडीच्या भिंतीपलीकडे पोचलाही होता!

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच, तशीच मांडी घालून.

"बाबा, काल तर हरणासारखे पळालात!"

"पळनारच की! इतकी वर्सं जपून ठिवलेत पाय."

हसता हसता मी पारावर टेकलो.

"बसू नगा, मास्तर. तमाखू संपलीया."

मी उठलो. माझी कंबर केव्हाच मोकळी झाली होती, पण ते त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्याने मला तंबाखूसाठी चालत थेट तालुक्याच्या गावी, नेवाशाला धाडलं असतं.