बुधवारचं ‘चालेल’

जगातली एकही वस्तू ज्याला निर्दोष दिसली नाही, असा माणूस मी एकच पाहिला. आणि तो आमच्या महाळुंग्याच्या कारखान्यात मोटारींचे रंगवलेले दरवाजे तपासायला होता. मूळचे दिघीचे, सगळे त्यांना काका म्हणत. दरवाजा समोर आला की मान तिरकी करून, एक डोळा मिटून ते असे बघत, की दरवाजालाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. मग चिठ्ठी चिकटवत: ‘बाद’ किंवा ‘चालेल’. ‘चांगला’ हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. कँटीनमध्ये ते चपातीही उजेडासमोर धरत. आचारी वैतागून म्हणे, “काका, खायची हाय, गाडीला लावायची न्हाई.” पुतणीला बघायला आलेल्या मुलाची गाडी त्यांनी तशीच न्याहाळली आणि भर बैठकीत म्हणाले, “डावं दार दुसऱ्यांदा रंगवलंय. पाव्हणं कुठं धडकलं, ईचारा.” लग्न झालं, पण जावई अजून सासरवाडीला रिक्षाने येतो. नजरेचा गर्व एवढा, की साहेबांनाही ते “तुमाला न्हाई दिसायचं” असं मायेनं सांगत.

बुधवारी मात्र काका बदलत, आणि त्याचं कारण मी होतो. आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी दरवाजांची मालगाडी भरून गिऱ्हाइकाकडे गेलीच पाहिजे. ते काम माझं. बारीक ओरखड्याचा दरवाजा आला की मी शेजारी जाऊन उभा राहायचो. “काका, एवढी गाडी जाऊ द्या.” “तुज्यापायी हां, बाबा,” म्हणत ते ‘चालेल’ लावत.

पुढे तपासणीला कॅमेरा आला. हिंजवडीच्या संगणकवाल्या मुलांनी दरवाजांचे जुने फोटो आणि त्यांवरचे काकांचे शेरे नेले, आणि त्यावरून कॅमेऱ्याला शिकवलं. बुधवारचे फोटो वगळा, एवढंच मला सांगायचं होतं. पण मग त्यांनी कारण विचारलं असतं. कॅमेरा आठवड्याचे सगळे दिवस बुधवारसारखा वागू लागला, ओरखड्यालाही ‘चालेल’ म्हणू लागला, आणि गिऱ्हाइकाने अख्खी गाडी परत पाठवली.

चूक कुणाची, हे ठरवायला बैठक बसली. निवृत्ती जवळ आलेल्या काकांची जागा पणाला लागली होती. साहेबांनी पडद्यावर ओरखडा मोठा करून दाखवला. “काका, ह्याला ‘चालेल’ कसं?” काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “दिसलं न्हाई, सायेब. डोळं गेलं आता.” मी समोरच्या चहाकडे बघत राहिलो. काकांना स्टोअरमध्ये नटबोल्ट द्यायला बसवलं, आणि तिथूनच ते निवृत्त झाले. हे मी घरीही कधी बोललो नाही.

परवा दिघीत एका लग्नात भेटले. चष्मा लावला होता. मी नंबर विचारला.

“नंबर कशाचा? साधी काच हाय. कंपनीतली मानसं भेटत्यात की रं लग्नात.”

काकांनी माझ्या सदऱ्यावरचा वरणाचा बारीक शिंतोडा बोटाने दाखवला, आणि हात धुवायला कुठे पाणी ठेवलंय ते सांगून मांडवात निघून गेले.