पालथ्या माणसाची डावी

मोठ्या सिस्टर ऑपरेशन थिएटरात एकोणीस वर्षं मुरलेल्या. नव्या मुली आल्या की पहिल्याच दिवशी बजावायच्या, "आपली डावी-उजवी दाराबाहेर ठेवून यायची. इथे बाजू फक्त पेशंटची. शरीराच्या मधोमध एक रेघ आहे असं धरा. रेघेजवळची ती आतली बाजू, लांबची ती बाहेरची. छाती-पोट पुढे, पाठ मागे. आणि पायाशी उभं राहिलात की त्याची डावी तुमच्या उजव्या हाताला."

त्या दिवशी टेबलावर एक बस ड्रायव्हर होता. कागदावर लिहिलं होतं : डावा गुडघा, मागची बाजू, आतल्या अंगाला गाठ. सर्जननी सकाळीच त्याच्या डाव्या मांडीवर पुढून शाईचा बाण काढला होता. भूल चढल्यावर त्याला पालथा केला, तसा बाण खाली दबला. नव्या सिस्टरने पायाशी उभं राहून औषध लावलं, हिरवी चादर घातली. चौकोनी भोकातून एकच गुडघा दिसत होता.

"ब्लेड," सर्जननी हात पुढे केला.

मोठ्या सिस्टरनी ब्लेड उचललं आणि त्या थबकल्या. सलाइन डाव्या हाताला लावलेलं त्यांनी पाहिलं होतं. नळी टेबलाच्या पलीकडून जात होती. गुडघा मात्र अलीकडचा.

"सर, थांबा. बाजू बघू या."

"खूण मीच केलीय सिस्टर."

"दिसत नाहीये ती. चादर काढू द्या."

भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे पाहिलं. अंदाज चुकला तर सगळ्यांसमोर शोभा. चादर निघाली. सर्जननी पलीकडची मांडी जराशी उचलली. बाण तिथे होता.

पुन्हा औषध, नवी चादर, आणि गाठ निघाली ती डाव्याच गुडघ्यातून.

हात धुताना नव्या सिस्टरचा चेहरा पांढराफटक होता. "तुम्हीच म्हणाला होतात, त्याची डावी माझ्या उजवीकडे."

सिस्टरना ते वर्मी लागलं. उताण्या माणसाचं त्यांनी शिकवलं होतं. पालथा झाला की सगळं फिरतं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

"अर्धंच शिकवलं मी," त्या म्हणाल्या. झाल्या प्रकाराच्या रिपोर्टात त्यांनी चुकीपुढे आधी स्वतःचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या टेबलावर स्वतः पालथ्या झोपल्या. "पाठांतर नको. माझ्या जागी स्वतःला झोपवून बघा. आता माझा डावा हात धरा."

नवी सिस्टर पायाशी उभी राहून आधी मनातल्या मनात टेबलावर पालथी झाली, मग आपल्या डाव्या हाताच्या बाजूने पुढे जाऊन तिने हात धरला. तिला कोणी घाई केली नाही.