एक जूनला न जन्मलेली मावशी

तुम्ही ज्या दिवशी जन्मलाच नाहीत, ती तारीख आजवर किती वेळा स्वतःच्या हातानं लिहिली आहे?

मी तर कायम लिहीत आले. माझ्या दाखल्यावर एक जून आहे, कारण गुरुजींनी निम्म्या वर्गाला तीच तारीख वाटून टाकली होती. आई म्हणते, मी नाचणी काढायच्या दिवसांतली.

वडील पत्रकं वाटत फिरायचे, जमिनीची, रेशनची. आता बंदराविरुद्धची वाटतात. लहानपणी त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. म्हणून तलासरीच्या मोतीबिंदू शिबिरवाल्यांनी मला नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म करायला सांगितला, तेव्हा तेही मी लढ्यासारखंच अंगावर घेतलं. जन्मतारखेसाठी निवडायच्या तीन याद्या होत्या. एकतीस दिवस, बारा महिने, शंभर वर्षं हातानं कोण लिहिणार? एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला सूचनांच्या चार ओळी, लिहिली. ती मोजत मोजत तिन्ही याद्या भरायची. वर हुशारी केली ती अशी, की फॉर्म उघडला की एक जून आधीच निवडलेला. नाहीतरी आमच्याकडे सगळ्यांचा तोच. तेवढाच वेळ वाचेल.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी उधवा गावच्या शाळेच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. आमच्या पाड्यातली मावशी आली. तिचा एक डोळा गेलेलाच, दुसऱ्यात मोतीबिंदू. तांदळातला खडा बोटाला लागला तरच कळायचा. आधार कार्डावर नुसतं जन्माचं वर्ष होतं. मी ते भरलं आणि मोठ्यानं वाचलं, एक जून.

"कोण एक जून?"

"तू, मावशी. सगळ्यांचं तसंच लावतात."

"मी भात झोडताना झाले. आईला खळ्यावरून उचलून घरात नेली. जूनमध्ये खळं असतं का, बाय?"

डॉक्टरला फक्त वय लागतं, असं मी समजावत राहिले. तिनं कार्ड पुन्हा पदराला बांधलं.

"तुझा बाप सांगत फिरतो, खोट्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि तू खोटं आधीच भरून आणलंस."

ओट्यावरच्या बायका हसल्या. मावशी उठून चालायलाही लागली. आज नाव गेलं नाही तर तिचा उरलेला डोळाही जाणार होता.

धावत जाऊन तिला परत आणून बसवलं. तारीख रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे सरकेना. ती अटही माझीच. तिथेच स्क्रिप्ट उघडली. अट काढली, एक जून काढला. दिवस आणि महिना, दोन्ही याद्यांच्या डोक्यावर, मोजणी सुरू व्हायच्या आधी, एक ओळ घातली: 'नक्की माहीत नाही.' दिवसासाठी तीच निवडली. महिन्यासाठी मी नोव्हेंबर सुचवला.

"तेव्हा खळी असतात?" तिनं विचारलं.

"असतात."

"मग लिही."

शिबिरात तिचं ऑपरेशन झालं. आता तिला तांदळातला खडा लांबूनच दिसतो, आणि माझ्या भाकरीची वाकडी कडसुद्धा. दोन्ही ती सगळ्यांना दाखवते.

तुम्ही कुठल्याही कचेरीसाठी असा फॉर्म बनवत असाल, तर आजच तुमची स्क्रिप्ट उघडा. आधीच निवडलेली तारीख पुसा, आणि यादीच्या डोक्यावर ती एक ओळ घाला.