सारवणावरचं पाऊल

"बशीर, दार पळून चाललंय का? दमानं घे," कदम बेलीफ म्हणाले.

बेलीफ म्हणजे कोर्टाचा हुकूम दारापर्यंत आणून बजावणारा माणूस. मी कुलूपवाला. खोली खाली करायचा हुकूम निघाला आणि दाराला कुलूप असलं, की कदम मला पिंपरीच्या दुकानातून उचलायचे. मला अक्षर वाचता येत न्हाई. कागदात काय लिहिलंय त्याची फिकीर कदमांनी करायची.

बांगलादेशची लढाई चालू होती. आकुर्डी गावठाणात भर दुपारी आम्ही एका खोलीपुढं. कंपनीत लागलेल्या पोरांना खोल्या पाहिजे होत्या, म्हणून घरमालक आबांना जुना भाडेकरू नको झालेला.

"बाई आत्ताच कॅन्टीनात कामाला गेली," आबा म्हणाले. "आत कुणी न्हाई. उरक, राव."

चपला काढून मी बसलो. माझी खोड, दाराला कान लावून काम करायचं. तर आतून गरम भाकरीचा वास. कुणी न्हाई, मग भाकरी कुणासाठी? तेवढ्यात कुलूप सुटलं, दार उघडलं आणि मी अख्खा आत. हातागुडघ्यांवर, बैलासारखा. जमीन नुकती शेणानं सारवलेली, ओली गार.

नाकासमोर बुटाचा ठसा. फौजी बूट, जाड तळव्याचा. त्याच्यापुढं दुसरा, तिसरा. सगळे उंबऱ्यातून आत गेलेले. बाहेर येणारा एकही न्हाई. ठसे संपले तिथं बूट उभे होते. रिकामे. बुटांपुढं वाढलेलं ताट, भाकरीवर वाफ. मागं दार न्हाई. भिंतीकडेला एक फळी पडलेली, बस.

मी बोंब मारली म्हणतात. मला फक्त बाहेर पडलेला मी आठवतो.

आबा खो खो हसले. कदम हसले न्हाईत. ते बुटांकडं बघत होते.

"आबा, हा भाडेकरू फौजेत हाय?"

"असंल. मला काय..."

"अर्जात कंपनीत कामगार लिहिलंय तुमी."

शेजारणीनं बाईंना बोलावून आणलं. शेवंताबाई, हाताला पीठ तसंच. कोर्टातली केस त्यांना ठाऊकच नव्हती. कदमांनी बुटांचं विचारलं.

"आमच्या ह्यांचे जुने बूट. ते लढाईवर हाईत. मी रोज सारवते, त्यांचे बूट घालून आत येते, ताट वाढते. मग फळीवरनं बाहेर. जाणारं पाऊल उमटू द्यायचं न्हाई, म्हंजे माणूस धड परत येतो."

कदमांनी कागद घडी करून खिशात घातला. "लढाईवरच्या जवानामागं त्याच्या माघारी केस रेटता येत न्हाई, आबा. तसा कायदाच हाय. तो येईल, बाजू मांडेल, मग बघू. मी कोर्टाला कळवतो. बशीर, कुलूप लाव."

मी खूश. आयुष्यात पहिल्यांदा उघडण्याऐवजी लावायचं काम! वर बघितलं तर बाई दारात थिजलेल्या. त्या जमिनीकडं बघत होत्या.

पळताना मी जोर लावून पाय रोवलेला. ओल्या सारवणात माझं अनवाणी पाऊल खोल उमटलं होतं. डावं. बोटं बाहेरच्या बाजूला.

"भाभी, माझा पाय हाय तो. माझा. मी घाबरट माणूस," मी म्हटलं.

त्यांनी त्याच्यावरनं शेणाचा हात फिरवला. तरी उजेड तिरका पडला की खड्डा दिसायचाच.

पुढं कोर्टानं तो निकाल रद्द केला. खोली राहिली. लढाई संपली आणि काही महिन्यांनी एक माणूस माझ्या दुकानात दुसरी किल्ली बनवायला आला. आकुर्डीची तीच खोली. मी उठून हात मिळवला, खुर्ची दिली. बसताना त्यानं कुबड्या भिंतीला टेकवल्या.

"सुरुंग," तो हसून म्हणाला. "जीव वाचला, भाऊ, हेच खूप."

मी खाली बघितलं. पायात एकच बूट होता. उजवा.

मी किल्ली फुकट दिली. त्याला वाटलं, जवान म्हणून.

फौजीच्या खोलीला आबांपासून वाचवणारा कायदा होता. माझ्यापासून वाचवणारा नव्हता. म्हणून तो मीच केला. आजही कुलूप कुणाचंही उघडतो, पण उंबऱ्याच्या बाहेर बसून, दारापासून हातभर लांब.