पिंपातलं पाणी जातं कुठे

मला पाण्याची भीती वाटते. सगळा जन्म राजपुरीच्या खाडीकाठी गेला, तरी वाटते. ती जावी म्हणून मी कधी काही केलं नाही. भिणारी माणसं जास्त जगतात, असं माझं मत आहे.

लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा घरात दोघेच पुरुष होते, माझा नवरा आणि त्याचा मोठा भाऊ. सासूसासरे वारलेले, मोठ्या दिरांची बायकोही वारलेली. घराण्याचा धंदा होड्यांच्या फटी भरण्याचा. दोन फळ्यांमध्ये कापसाची वात ठोकून बसवायची, वरून राळ तेलात कढवून लावायची, म्हणजे होडी आत पाणी घेत नाही. दिरांनी भरलेली फट पावसाळ्यानंतरही तशीच असे. मुरुडचे लोक त्यांना बोलवायला येत.

पुढे दोघा भावांनी मुंबईहून मोडीत निघालेल्या मोटारगाडीचं इंजिन आणलं आणि आपल्या होडीत बसवलं. राजपुरीहून दिघीला उतारू न्यायचे. तिथून माणसं बैलगाडीनं किंवा पायी म्हसळ्याकडे जात. इंजिन गार राहावं म्हणून शेजारी लोखंडी पिंप ठेवलं होतं. पिंपातलं पाणी नळीनं इंजिनाच्या अंगातून फिरून परत पिंपात येई. खाऱ्या पाण्यानं लोखंड सडतं, म्हणून विहिरीचं गोडं पाणी लागे. ते नेऊन देणं माझं काम. रोज सकाळी मी हंडा घेऊन धक्क्यावर जाई. वाफेनं गेलेलं भरून काढायला तांब्याभर पाणी पुरत असे, उरलेल्या पाण्यानं नवरा तोंड धुई.

एका पावसाळ्यात होडी ओढून झावळ्यांखाली ठेवल्यावर दोघांनी इंजिन सगळं उघडलं. ते फार धूर ओकत होतं. नवऱ्यानं आधीच मुंबईहून आणून ठेवलेल्या नव्या कड्या आतल्या दट्ट्यांना घातल्या. पडवीभर गोणपाटावर लोखंड पसरलं होतं आणि माझ्या परातीत खिळेस्क्रू. इंजिनाच्या वरचं जड झाकण काढताना त्याखालची तांब्याची पातळ गादी फाटली. ती गादीच तेल एकीकडे आणि पाणी एकीकडे ठेवते, हे मला नंतर कळलं. नवी आणायची तर मुंबई गाठायला हवी, आणि पावसाळ्यात आगबोट बंद. दीर म्हणाले, फट ती फट, होडीची काय नि इंजिनाची काय. त्यांनी फाटलेल्या गादीला कापसाची वात लावली, वर घट्ट राळ चोपडली आणि झाकण आवळून बसवलं. नवरा बघत राहिला. मोठ्या भावाला फट कशी भरायची ते शिकवणारा तो कोण?

नारळी पौर्णिमा झाली आणि होडी सुरू झाली. चारपाच दिवसांतच पिंपाला अर्धा हंडा लागायला लागला. मी नवऱ्याला म्हटलं, पिंप गळतंय. त्यानं पिंपावरून, नळ्यांवरून हात फिरवून बघितला. सगळं कोरडं. होडीच्या तळाशीही पाणी नाही.

"मग पाणी जातं कुठं?" मी विचारलं.

त्यानं तेल बघायची सळई उपसली. एरवी ती काळ्या तेलानं माखून येई. त्या दिवशी तिच्यावर चहावरच्या सायीसारखं पांढुरकं, बुळबुळीत काहीतरी होतं. त्यानं ते बोटांनी चोळलं, मग बोटं धोतराला पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, घरी जा.

दिरांचं म्हणणं पडलं की लाटेचं पाणी उडून तेल घालायच्या तोंडातून आत गेलं. तेल बदललं, इंजिनावर ताडपत्री बांधली. गार इंजिन फिरवून बघितलं तर तेल स्वच्छ. दीर म्हणाले, बघ. दोन दिवसांनी सळईवर पुन्हा साय.

त्याच दिवसांत मी माहेरी जायला होडीत बसले. ओहोटी लागलेली, खाडीला पावसाचं पाणी, त्यामुळे ओढ फार. माझ्याशेजारी मुरुडची एक मुसलमान म्हातारी होती. तिच्या घरचं लग्न दिघीला ठरलं होतं आणि तिच्या घरच्या बायकामुलांना आमचीच होडी नेणार होती. ती बोलकी होती. खाडीच्या मध्यावर इंजिन टकटक करायला लागलं, तशी मला म्हणाली, "बाय, तुझ्या घोवाच्या इंजिनाला खोकला झालाय. आलं-मध चाटव त्याला."

मी हसले नाही. मी नवऱ्याचं तोंड बघत होते. टकटक वाढली, तसं त्यानं इंजिन बंद केलं.

आवाज थांबल्यावर पाण्याचा आवाज ऐकू आला. होडी आडवी फिरली आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे निघाली. दोघे भाऊ वल्ही मारायला लागले, दोन उतारूंनीही मारली, पण होडी भरलेली होती. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी खाडीच्या तोंडाशी असलेल्या पाण्यातल्या किल्ल्याकडे बघत होते, आणि तो मोठा मोठा होत होता. म्हातारीनं माझं मनगट धरलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. तिची नखं माझ्या हातात रुतली होती, ते मला नंतर कळलं. शेवटी मासे मारून परतणाऱ्या एका होडीनं दोर टाकला आणि आम्हाला राजपुरीच्या काठाला ओढून नेलं. मी माहेरी गेले नाही. चालत घरी आले आणि चुलीपुढे बसून राहिले. काडी पेटेना.

दोन दिवसांनी त्या लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. दीर म्हणाले, तेल पुन्हा बदलू, ताडपत्री दुहेरी बांधू, शब्द दिलाय. नवरा उठून आत आला. मला म्हणाला, बायका असतील, पोरं असतील, आणि मधेच बंद पडलं तर दर वेळी दोर टाकायला कोण येणार आहे? मग तुम्ही जाऊ नका, मी म्हटलं. दादा एकटा जाईल, तो म्हणाला. नवरा त्याला एकटा सोडणार नाही, हे मला माहीत होतं.

वऱ्हाडाच्या दिवशी उजाडताच तो होडीवर गेला. तेल अजून बदललं नव्हतं आणि रात्रभर इंजिन बंद होतं. त्यानं तेल काढायचं तळाचं बूच थोडं सैल केलं. तेल वर राहतं, पाणी तळाला बसतं, म्हणून आधी पाणी आलं. ते वाटीत धरून त्यानं घरी आणलं आणि पडवीत दिरांपुढे ठेवलं.

दीर म्हणाले, "समुद्राचंच हाय. न्हायतर पावसाचं."

"रात्री ताडपत्री तूच बांधलीस न्हवं, दादा? पाऊस शिरंल कुठनं?" नवरा म्हणाला.

दीर म्हणाले, वऱ्हाड धक्क्यावर येईल, निघायला हवं.

आमच्याकडे मोठ्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर नवऱ्यामार्फत. त्या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी दाराआड होते. मला त्यांचा राग येत नव्हता, मला नुसती भीती वाटत होती, आणि ती रीतीपेक्षा मोठी होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि बोलले.

"चाखून बघा. खारं असलं तर समुद्राचं. गोडं असलं तर माझ्या हंड्यातलं."

मला वाटलं आता वाटी अंगणात जाणार. मग मी फटीतून बघितलं. दिरांनी वाटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. पुन्हा बुडवलं. पुन्हा थुंकले. मग वाटी बाजूला सारली. नवऱ्याला म्हणाले, "झाकण उघड." आणि अंगरखा घालून वऱ्हाडाला होडी जाणार नाही हे सांगायला स्वतः गेले. तिथे त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी घरी सांगितलं नाही. वऱ्हाड दुसऱ्याच्या शिडाच्या होडीतून गेलं.

झाकण उघडलं तर राळ कुठेच नव्हती. होडी नेहमी गार, राळ तिथे टिकते. इंजिन तापलं तशी ती पातळ होऊन वाहून गेली, आणि कापूस जळून काळी काजळी राहिली. तिथून पाणी थेंब थेंब तेलात उतरत होतं. सुरुवातीला इंजिन गार झालं की उरलेली राळ पुन्हा घट्ट होऊन फट मिटवी, म्हणून गार इंजिनात काही दिसलं नव्हतं. तेलात पाणी आलं की आतलं लोखंड लोखंडावर घासतं, म्हणून ती टकटक.

आगबोट सुरू झाली तसे दीर मुंबईला जाऊन तांब्याची गादी घेऊन आले. नवऱ्यानं ती बसवली. पहिल्या फेरीला मी होडीत बसावं, म्हणजे लोकांचा भरवसा बसेल, असं त्याला वाटत होतं. मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं.

ते दोघेच गेले. मी दिवसभर काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा नको वाटत होतं. संध्याकाळी नवरा अंगणात आला. मी त्याला कसे आहात विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. सळई काळी आली का, तेवढंच विचारलं. काळी, तो म्हणाला. मग मी दोघा भावांची पानं मांडली.