थांबण्याची ओळ

बातमी आली तेव्हा माझ्यासमोर त्या दिवसाची यादी होती. नववीच्या वह्या, संगणक खोलीचा पंखा, दोन पालकांना निरोप… आणि सातव्या क्रमांकावर 'अप्पांकडे जाऊन सांगणे'. हे सातवं काम मी चार महिने एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवत होते. दुसऱ्या तासाच्या आधी शिपाईमामा दारात आले. म्हणाले, "बाई, विरूपाक्षअप्पा गेले. सकाळी पूजेला बसले होते, तिथंच." मी पेन धरून बसून राहिले. काम खोडायचं की ठेवायचं, हे मला सगळ्यात आधी सुचलं. माझा स्वभाव हा असा.

अप्पा कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरूम गावातल्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त झाल्यावरही रोज दहाला कपाळावर विभूती लावून यायचे, संगणक खोलीची किल्ली काढायचे आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच असायचे. कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेले अकरा संगणक आम्हाला मिळाले होते. त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून ते चालते करणं हे सगळं अप्पांचं. पुस्तकं आणून, चुकत-चुकत शिकलेलं. संगणक सुरू होताना आत बरीच कामं एकामागून एक उठतात. त्या कामांचा क्रम अप्पांनी स्वतः लावला होता आणि प्रत्येक कामाला पडद्यावर मराठीत एक ओळ दिली होती. 'जाळं जोडलं.' 'छपाईयंत्र उठवलं.' मग एका ओळीवर पडदा अडायचा… 'थांबा, घड्याळ येतंय.' दहा संगणकांच्या घड्याळाचे सेल मेलेले. रोज सकाळी त्यांना वाटायचं, आपण कितीतरी वर्षं मागं आहोत. खरी वेळ फक्त कोपऱ्यातल्या अकराव्याला ठाऊक. त्यानं वेळ सांगेपर्यंत बाकीचे पुढं सरकायचे नाहीत.

"अप्पा, रोज दोन मिनिटं वाया जातात," मी म्हणायचे.

"जाऊ द्या की बाई. तवर पोरं पाणी पिऊन येत्यात."

मग लिनक्सची नवी आवृत्ती घालायची वेळ आली. तिच्यात संगणक सुरू करण्याची पद्धतच वेगळी. रांग नाही, सगळी कामं एकदम उठतात. जे कुणासाठी थांबायला हवं तेवढंच थांबतं, तेही आपण सांगितलं तर. म्हातारा माणूस नव्याला घाबरला, असं नंतर शाळेत पसरवलं गेलं. ते खोटं आहे. अप्पांनी ती पद्धत माझ्याआधी वाचली होती. "चांगली हाय," ते म्हणाले होते. "फकस्त कुणी कुणासाठी थांबायचं ते सांगावं लागतं. नुस्तं काय करायचं ते सांगून भागत न्हाय."

बाहेरून माणूस येऊन बदल करणार होता दिवाळीच्या सुट्टीत, आणि त्याच आठवड्यात अप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हणून त्या माणसाला द्यायला मी अप्पांच्या घरी जाऊन कामांची यादी केली. ते बाजेवर, एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याला अक्षर लागत नव्हतं. ते सांगत होते, मी लिहीत होते. चौदा कामं झाली. तिसरं होतं 'घड्याळ लावणे'. मी टोपण लावलं, तेव्हा ते म्हणाले, "निल्री बाई." घाईतल्या माणसाला ते कानडीतूनच थांबवायचे. "वेळ कळंस्तवर थांबायचं, ते लिवा." मला वाटलं, घड्याळाचं काम तर लिहिलंय. थांबणं हे काय काम आहे? आणि मला पावणेपाचची बस होती.

"लिवलं का?"

"लिहिलं," मी म्हटलं.

सुट्टीनंतर संगणक अर्ध्या मिनिटात सुरू झाले. सगळ्यांनी कौतुक केलं, माझ्या यादीचंही. आत काय चाललं होतं ते कुणाला दिसत नव्हतं, कारण नव्या पडद्यावर ओळीच नव्हत्या. कोपऱ्यातला अकरावा तेवढा जुन्या पद्धतीवरच ठेवला होता, तो सावकाश उठायचा. बाकीचे त्याला वेळ विचारायचे, उत्तर मिळायचं नाही, आणि ते जुनीच तारीख धरून कामाला लागायचे. नववीची मुलं तेव्हा घराघरांतल्या आज्यांकडून मराठी-कानडी मिसळीचे शब्द गोळा करून त्यांचा संग्रह करत होती, विज्ञान प्रदर्शनातल्या भाषेच्या दालनासाठी. ती उघडतील त्या पानावर जुनी तारीख पडत गेली. सगळ्यांचं काम साठायचं ते अकराव्यावर, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला तिथं अप्पांचा सफाईचा प्रोग्राम चालला. तीन वर्षांहून जुनं काम पुसणारा. त्यानं नेमून दिलेलं काम चोख केलं. सगळा संग्रह गेला. त्यातल्या दोन आज्या आता नाहीत.

या नुकसानीवर संस्थेनं बैठक बोलावली. आदल्या दिवशी मी संगणक खोलीत बसून सगळं तपासलं आणि मला कळलं. यादी माझ्या फायलीत होती. चौदा ओळी, माझ्या अक्षरात. बैठकीत सचिव म्हणाले, "अप्पा, तुमच्याच प्रोग्रामनं पुसलं ना?"

"व्हय. पुसणारा माझाच हाय."

"मग आता विषय संपला की."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी इतिवृत्त लिहीत होते, मान खाली होती, पण बघितलेलं कळतं. ते वाट बघत होते. कितीतरी वेळ… मग त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. मी लिहिलं, 'सहायकांच्या जुन्या प्रोग्राममुळे नुकसान झाले. यापुढे त्यांना तसदी देऊ नये.' माझं अक्षर चांगलं आहे. ते वाक्य आजही नीट वाचता येतं, आणि म्हणूनच खरं काय ते मी इथं छापून देते आहे. नंतर मी बदल करणाऱ्या त्या बाहेरच्या माणसाला बोलावून राहिलेली ओळ घालून घेतली. चार मिनिटं लागली. विचारलं कुणीच नाही.

शोकसभेचं नियोजन माझ्याकडेच आलं. सचिवांनी अप्पांना तंत्रज्ञानाचा दीपस्तंभ म्हटलं. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. अप्पांसाठी एवढं थांबलेलं मी प्रथमच बघितलं, आणि तेही कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं म्हणून.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. अप्पांच्या पत्नीला, काकूंना, सगळं सांगितलं, न रडता, क्रमानं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "त्यास्नी पैल्याच दिवशी कळलं हुतं. म्हनले, बाईनं ते लिवलंच न्हाय."

"मग बोलले का नाहीत?"

"म्या बी तेच इचारलं. म्हनले, बाई हुशार हायत, सोताहून येत्याल." त्यांनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "माघापत्तुर म्हनत हुते. मग सोडलं म्हनायचं."

मला चहा विचारला नाही त्यांनी. त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारला नसता.

कोपऱ्यातला अकरावा अजून चालतो. भंगारात काढायच्या वस्तूंमध्ये त्याचं नाव आहे, आणि ती यादीही मीच करायची आहे. रोज दहाला मी किल्ली लावते, आधी त्याला सुरू करते आणि समोर उभी राहते. दुसरं काही हातात घेत नाही. अप्पांच्या ओळी एकेक करून वर चढतात, सावकाश. शेवटची ओळ त्यांनी बाकीच्या दहा संगणकांसाठी लिहिली होती. ती येते आणि पडदा तिथंच थांबतो…

'मी तयार आहे. विचारा आता.'